खंडेनवमीला बसवलेली मूठ

मी, सटवाजी ग्यानोबा पवळे, वय एकाहत्तर, धंदा इंजिन दुरुस्ती, मूळ गाव लोहा तालुक्यात, हल्ली मुक्काम जुन्या मोंढ्यामागे, नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे, तसा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. राग आहे, तो कबूल. पण रागावलेला माणूस वेडा नसतो, एवढं कोर्टाने ध्यानात घ्यावं.

वकील शिवांगीताईंनी मधली मधली वाक्यं खोडून दिली होती. मी ती परत लिहिली. कुणाला काय, हे चार ओळींत सांगून होतं. का, ते सांगायला जागा लागते. खाली दिलेलं सगळं माझ्या कमाईचं आहे, वाडवडिलांचं त्यात काही नाही. हा कागद टिकायला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक मिळाली आहे. दुसरी जागा कोणासाठी मोकळी ठेवली, ते शेवटी येईल.

कलम १. राहतं घर माझी पत्नी पंचफुलाबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी उठवू नये. ती मुलाच्या बाजूची आहे. "लेकरू हाय, सोडून द्या," म्हणते. लेकरू अडतीस वर्षांचं आहे, टक्कल पडून राहिलं त्याला. तरी घर तिलाच. माझ्याशी बोलणं टाकलं, पण दुपारचा डबा तिनं एक दिवस चुकवला नाही.

कलम २. दुकान आणि सगळी हत्यारं मलप्पाला. मलप्पा देगलूरकडचा, निम्मं तेलुगू बोलतो, तरुणपणापासून माझ्याबरोबर आहे. आमच्या दुकानाचा एक नेम आहे. खंडेनवमीला पाने, पकडी, पेचकस सगळं धुऊन पूजेत मांडायचं, हळदकुंकू लावायचं, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवायचं. दसऱ्याला सकाळी पूजा उचलेपर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही. एकदा मोंढ्यातल्या मोठ्या अडत्याची गाडी त्या दिवशी ऐन दारात बंद पडली, तरी मी उठलो नाही. त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याला चहा पाजला आणि उद्या या म्हणालो. मलप्पानं हा नेम पाळला. माझ्या पोटच्या पोरानं मोडला, म्हणून दुकान मलप्पाला.

कलम ३. 'पिवळी' ही पाण्यावरची स्कूटर माझी नात पुनम हिला. पाण्यात पळणारी फटफटीच ती. माझा मुलगा सुदर्शन याच्या जन्माच्या आगेमागेची, जपानी बनावटीची मशीन मी भंगारातून आणली. उंदरांनी सीट खाल्लेली, बुडाला वीतभर चीर, कार्बोरेटरमध्ये वाळू. मी आणि मलप्पानं दोन उन्हाळे घालून ती उभी केली. हँडलला मी अंगठ्यानं दाबायचा खटका बसवला आणि त्याला दोन स्प्रिंगा लावल्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी खटका मागे आणते. अंगठा सुटला की वेग गेला.

दुसरी तऱ्हा मोटरसायकलसारख्या, पिळून वेग द्यायच्या मुठीची. आपल्याकडच्या लोकांचा हात मोटरसायकलवर बसलेला, म्हणून गिऱ्हाईक तीच मागतं. पण पाण्यात मशीन उसळली की माणूस मागे फेकला जातो, घाबरून मूठ आवळतो, आणि मागे जाताजाता तीच मूठ आणखी पिळतो. जितका घाबरेल तितका वेग वाढतो. सुदर्शन नदीच्या बंधाऱ्यामागच्या फुगवट्यावर सहलीच्या लोकांना पिवळीवर बसवायचा धंदा करायचा. त्याला हे मी ओरडून ओरडून सांगितलं होतं.

"दादा, लोकायला बुलेटसारखी मूठ पाहिजे. तुमचा खटका बघून हसून राहिले."

"हसू दे. माझ्या दुकानातून तसली मूठ जाणार न्हाई."

"हाव," म्हणाला. मला वाटलं, विषय मिटला.

गेल्या खंडेनवमीला पूजा मांडून, दुकानाला कुलूप लावून मी आणि मलप्पा आपापल्या गावी गेलो. दसऱ्याला दुपारी पुनम उदगीरहून मामाला सोनं द्यायला आली. ती माझ्या लेकीची, शिवकांताची पोरगी. पोलीस भरतीसाठी पळायची, आणि काय पळायची म्हणून सांगू! मामानं तिला हौसेनं पिवळीवर बसवलं. मशीन उसळली, पोरगी मागे गेली, मूठ पिळली गेली आणि पिवळी घाटाच्या पायऱ्यांवर चढली. तिच्या डाव्या मांडीत आता सळई आहे. ती चालते, पण पळता येत नाही.

पंचनाम्याच्या वेळी हवालदारानं विचारलं, "ही मूठ कुणी बसवली?" मी तिथंच उभा होतो. सुदर्शननं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. "दादांनी. मशिनचं समदं तेच बघतात." अरे, चारचौघांत थोबाडीत मारली असतीस, तरी मी रात्री तुझ्या शेजारी जेवायला बसलो असतो.

मशीन परत आल्यावर मी मूठ उघडली. आत झेंडूची चेपलेली पाकळी होती, स्क्रूच्या खाचांत हळद होती. म्हणजे पूजेतली हत्यारं उचलून ती बसवली होती. दुकानाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्या करदोट्याला आणि दुसरी सुदर्शनकडे. त्याच्यासमोर पाकळी धरली तर म्हणाला, "आता ते उकरून काय करायचं हाय?"

पिवळी मी पुन्हा नीट केली आहे, खटका जागेवर आहे. पुनमनं ती चालवावी, विकावी, नाहीतर हातोडा घेऊन फोडावी. तिला कोणी काही बोलू नये.

कलम ४. लोह्याकडची मी विकत घेतलेली कोरडवाहू जमीन शिवकांताला. ती दसऱ्यापासून माहेरी आलेली नाही. फोन केला तर जावई उचलतात. एकदाच बोलली, "दादा, तुमच्या हातचं हाय म्हणून मी पोरगीला बसू नको म्हणले न्हाई." मी पाकळीचं सांगितलं. ती म्हणाली, "फूल तर तुमच्याच पूजेतलं ना?" तिचं तरी काय चुकलं? फुलावर कुणाचं नाव नसतं. मी कितीही सांगितलं तरी ते स्वतःला वाचवायला सांगितल्यासारखं होतं. ज्यानं केलं त्यानंच तिला सांगायला पाहिजे. मला मरणाची भीती नाही, पण लेक मला पोरगीचा पाय घालवणारा समजत असताना मला जायचं नाही.

कलम ५. माझ्या तेराव्याला आनंदराज बोटवाल्याला आवतण देऊ नये. "म्हातारा हुकला," असं काठावर पहिल्यांदा तोच बोलला. न बोलावता आलाच तर जेवू घाला, दारातून परत पाठवू नका. पण त्याला जिलबी वाढायची नाही.

कलम ६. मुलगा सुदर्शन याला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे चुकून राहून गेलेलं नाही, समजून उमजून लिहिलं आहे.

आता साक्षीदाराचं. दुसरी जागा सुदर्शनची आहे. त्याला यात काही मिळत नसल्यानं तो साक्षीदार होऊ शकतो, असं शिवांगीताई सांगतात. त्या हेही सांगतात की दुसरी सही झाली नाही तर हा कागद रद्दी आहे. मग कायद्यानं वाटे पडतील आणि घरात, दुकानात, जमिनीत सुदर्शनला त्याचा वाटा बसल्या जागी मिळेल. त्यासाठी त्याला काही करावं लागणार नाही, नुसतं गप्प राहायचं. गप्प राहणं त्याला जमतं.

सुदर्शन, तुला तोंडी विचारलं तर तू उठून गेलास. म्हणून कागदावर विचारतो. सही करायची तर मूठ कोणी बसवली ते तुझ्या हातानं वर लिही, आणि मग कर. हा कागद मी लपवलेला नाही, दुकानात देवाच्या फळीवर उघडा ठेवला आहे. मी जिवंत आहे तोवर ती जागा मोकळी राहील. तू येशील त्या दिवशी माझी सही माझीच आहे असं मी तुझ्यासमोर सांगेन. बाकी काही विचारणार नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते बरोबर आहे.

ठिकाण: नांदेड
तारीख: १२ मार्च २०२५

(सही) सटवाजी ग्यानोबा पवळे

साक्षीदार पहिला:
(सही) गुरुपादप्पा, दुकानाचे शेजारी. सटवाजीरावांनी माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा:
मूठ मी बसवली. दादांनी न्हाई. त्यांनी नको म्हणलं होतं. काल उदगीरला जाऊन शिवकांताअक्काला सांगून आलो. अक्का उठून आत गेली. पुनमनं पाणी आणून दिलं, ते मला पिता आलं न्हाई. वरची सही त्यांचीच हाय असं दादांनी आज माझ्यासमोर सांगितलं. आज हत्यारं पूजेत हायेत, कशालाच हात लावला न्हाई.
(सही) सुदर्शन सटवाजी पवळे
खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५