खरजेचं गणित

सर,

आज पुन्हा आरोग्य खात्यातल्या एका साहेबांनी तेच ऐकवलं. "ज्याला खाजतंय त्याला औषध देतोच की आम्ही. धडधाकट माणसाला कशाला?" आलेख समोर होता, त्यांनी बघितलासुद्धा नाही. मग साताऱ्याच्या स्टँडवर बसून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडायला मला तुम्हीच सापडता.

नव्वदच्या दशकात मी कराडला इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवायला नुकतीच लागले होते. मला कॉलेजात शिकवलेले तुम्ही निवृत्त होऊनही सांगलीहून एसटीनं यायचात, एकच प्रश्न घेऊन: रहिमतपूरकडच्या मुलांच्या बोर्डिंगातली खरूज औषध देऊनही का हटत नाही? रिकाम्या वर्गात तुम्ही समीकरणं मांडलीत. औषध लावलेला मुलगा बरा होतो. पण शेजारच्या अंथरुणातला, खरूज लागूनही अजून खाज सुरू न झालेला मुलगा त्याला ती परत देतो. सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावलं तरच ती संपेल. मी म्हटलं, "सर, पोरं दिवाळीला घरी जाणार. घरची माणसं या गणितात कुठं आहेत?" तुम्ही खडू खाली ठेवलात. "आधी सोपं सुटू दे. सगळं जग एकदम फळ्यावर आणू नकोस." लागलं मला ते.

मग सगळ्यांना औषध लावायचा रविवार. बोर्डिंगच्या अंगणात पोरं उघडी उभी आहेत, चुलीवर कपडे उकळताहेत. फौजेतून सुट्टीवर आलेला एक बाप मुलाचा दंड धरून म्हणतो, "आवं, माझ्या पोराला काय झालं न्हाई. उगं कशाला चोपडताय?" तुम्ही सदरा काढता, ते झोंबणारं औषध स्वतःच्या अंगाला फासता. "मला तरी कुठं काय झालंय?" तो हसतो. "लावा मग, गुरुजी."

खरूज गेली. पोरं रात्रीची शांत झोपू लागली. मग दिवाळी झाली, ती घरून परतली आणि बोर्डिंग पुन्हा खाजवू लागलं. त्या फौजीच्या मुलाच्या फोडांत पू झाला, त्यातून मूत्रपिंडाला सूज आली, तोंड सुजलं, लघवी लाल झाली. सांगलीच्या दवाखान्यात तो वाचला, पण बापानं त्याला परत पाठवलं नाही. "लय झालं शिक्षण," एवढंच म्हणाला. पोरगं हुशार होतं, सर.

तुम्ही पुन्हा फळ्यापाशी आलात, समीकरणांत घरच्या माणसांसाठी नवा कप्पा आखलात. "तुझं बरोबर होतं. आता सरकारकडं घराघरासाठी औषध मागू." मागितलं, मिळालं नाही. उन्हाळ्याआधी तुम्ही गेलात. कप्पा मी पुरा केला. उत्तर चोख येतं: पोरांबरोबर घरच्यांनाही एकाच दिवशी औषध लावलं, तर खरूज संपते. ते घेऊन मी अजून साहेबांच्या दारोदार फिरते आणि परत येते.

हे पाठवायचं कुठं, ठाऊक नाही. एवढंच सांगायचं राहिलं होतं: तुम्ही "तुझं बरोबर होतं" म्हणालात, तेव्हा मला मुळीच आनंद झाला नाही. तुमचंच बरोबर निघावं, असं मला वाटत होतं.