दोघींची भूक

३ जून
आलो एकदाच्या! आई, मी आणि आमची बोचकी. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, पण उजेड भरपूर, आणि आईची खाट अगदी खिडकीशी लागली. झटका आल्यापासून तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा चालतो, आणि डोळ्यांनी ती मला अजूनही यथेच्छ रागावते. आमच्या घरात घड्याळ लागत नाही. माझ्या पोटात कावळे ओरडले की गॅस पेटतो, आधी आईला भरवायचं, मग मी ताव मारायचा. वर्षानुवर्षं हाच शिरस्ता. दोघींच्या अंगावर तो दिसतोच म्हणा! उद्या कपड्यांच्या दुकानात नोकरीचा पहिला दिवस.

५ जून
दुकान झकास आहे, जिकडेतिकडे आरसे. गोची एकच. मालकीणबाई विक्रीला उभ्या राहणाऱ्या बायकांचा गणवेश एकाच मापाचा शिवून घेतात. बाईने गणवेशात बसायचं, गणवेशाने बाईवर नाही, असं त्या हसत हसत म्हणाल्या. महिनाअखेरीपर्यंत पाठीची चेन लागली तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ. तोवर मी मागच्या गोदामात, गिऱ्हाइकांच्या नजरेआड. सोबत काम करणाऱ्या काडीने (बारीक म्हणून हे नाव मीच ठेवलं) हळूच सांगितलं, की तीसुद्धा भूक मारायच्या गोळ्या खाऊनच त्यात मावली. आईच्या औषधपाण्यासाठी ही नोकरी मला हवीच आहे.

७ जून
डॉक्टर भला माणूस निघाला. रक्तदाब बघितला, हृदयाची पट्टी काढली. माझे गुडघे आणि साखर पाहता गोळीचा फायदाच होईल म्हणाले. रोज सकाळी एक, थोडे दिवसच, जोडीला मोजकं खाणं आणि चालणं. तोंडाला कोरड पडेल, झोप उडेल. छाती धडधडली तर गोळी थांबवून तडक यायचं, आणि एकाच्या दोन कधीच करायच्या नाहीत. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

१२ जून
काय जादू आहे! जन्मभर भुणभुण करणारं हे पोट गप्प झालं. गुडघे कुरकुरत नाहीत, जिना भराभर चढते. मालकीणबाईंनी मात्र माझी कंबर चिमटीत धरून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, की अजून बरंच मांस सोलायचं बाकी आहे. काडीने तिच्याजवळची गोळ्यांची एक पट्टी मला दिली. आता दोन घेते.

१९ जून
फोडणीच्या वासानेसुद्धा ढवळतं. म्हणून एकदाच काहीतरी शिजवून झाकून ठेवते. छाती धडधडते, पण चेन अर्ध्यावर आली आहे. डॉक्टरांकडे गेले तर ते गोळ्या बंद करतील, म्हणून गेले नाही. आईची कूस बदलणं आता किती सोपं झालंय! पूर्वी दमछाक व्हायची, हल्ली एका हाताने वळवते. अंगात ताकद आली म्हणायची माझ्या. ती दिवसभर खाटेच्या कडेवर चमचा आपटत असते. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय.

२४ जून
झोप नाही. पण चेन लागली! पार वरपर्यंत! मालकीणबाईंनी मला आरशासमोर गोल फिरवलं आणि पक्की म्हणाल्या. मला रडूच फुटलं. घरी आईला गणवेश दाखवला, तिने मान वळवली नाही. रुसली असणार. चमचा आपटणंही थांबवलंय. बरं झालं, डोकं उठलं होतं.

२६ जून
पातेल्यावरचं झाकण काढलं. आत बुरशी. हिरवी, लव आलेली. हे कधी शिजवलं होतं?
आईला शेवटचं कधी भरवलं — काल? काल दुकान. परवा — नाही. मला भूक लागली नाही. मला लागली नाही, म्हणून मी —
पांघरूण काढलं. नुसत्या बरगड्या. ताकद माझ्यात आलेली नव्हती. देवा, आईच उरली नव्हती.

नंतर
दूध गरम केलं. निम्मं सांडलं. चमचा तोंडाशी नेला, सगळं बाजूने ओघळलं. बोटाने थेंब ओठांवर लावला, तर तिने दात —
सोडत नाही. ओरडले, कुणी आलं नाही. ओढलं की तिची मानही सोबत येते, इतकी हलकी. डाव्या हाताने लिहितेय. का लिहितेय —
रक्त आलं. दूध गिळलं नाही, हे गिळते आहे.
छाती — मधेच थांबते, मग परत —
दुखतंय गं, फार दुखतंय. तरी काढून घेत नाही.
अजून घे. हळू, आई. ठसका ला—