गिअरबॉक्समधलं आयुष्यभराचं तेल

बनशंकरी दुसरा स्टेज, बेंगळूर
गुरुवार, २८ ऑक्टोबर १९९९

ती. विमलाक्का,

तुझ्या पायांवर धाकट्या त्रिविक्रमाचं डोकं (कंबर हल्ली वाकत नाही, तेव्हा कागदावरच ठेवलं आहे असं समज). भावजींना नमस्कार. त्यांचा खोकला उतरला का? धारवाडला आता थंडी सुरू झाली असेल, त्यांना पहाटे फिरायला सोडू नकोस. इकडे सगळे ठीक. वसुमतीचे गुडघे जसे होते तसेच आहेत. तू पाठवलेला पेढ्यांचा डबा पोचला असं ऐकून आहे. माझ्या साखरेचं निमित्त करून तो वसुमतीने कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

दसऱ्याला रविकिरणच्या नव्या गाडीतून तुमच्याकडे येणार होतो, ते का आलो नाही, असं तू विचारलंस. पावसाचं कारण फोनवर सांगितलं ते खरं नव्हतं. खरं काय ते आता लिहितो. स्वल्प लांबेल.

रविकिरणने जूनमध्ये गाडी घेतली, रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जायला. त्याच आठवड्यात आमची जुनी गाडी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एकाने नेली (फाटकातच बंद पडली, चौघांनी ढकलून बाहेर काढली; मला बरं वाटलं). नवी गाडी उत्तम आहे, त्यात वाद नाही. सकाळी एका किल्लीत सुरू होते, चढावर धापा टाकत नाही. पण अक्का, तिला उघडता म्हणून येत नाही. बॅटरी सीलबंद, चाकांची बेअरिंगं सीलबंद, आणि गिअरबॉक्समधलं तेल तर म्हणे आयुष्यभराचं. बदलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. शोरूममधल्या टायवाल्या गृहस्थांना मी विचारलं, आयुष्य कोणाचं धरलंय, तेलाचं, गाडीचं की माझं? ते म्हणाले, सर, वॉरंटीचं. वॉरंटी दोन वर्षांची.

पहिल्याच रविवारी मी सवयीने डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन बॅटरीची बुचं शोधायला बसलो. बुचं नाहीतच. वरचं स्टिकर नखाने उचकटून पाहिलं, खालीही नाहीत. एक काचेचा डोळा तेवढा आहे. तो हिरवा दिसला की बॅटरीची प्रकृती ठीक. मग मी रोज सकाळी बॉनेट उघडून डोळा बघायला लागलो. रोज हिरवा. चार महिने मी हिरवा डोळा बघतो आहे. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, पण इतकं रिकामपण मला तिथेही कधी आलं नव्हतं (आणि तिथे ते कमी होतं असं नाही).

आमच्या देवाप्पाला तू पाहिलं आहेस. पाण्याच्या टाकीजवळच्या गॅरेजचा, उंच, डाव्या हाताचं एक बोट अर्धं असलेला. बहात्तर सालापासून दर रविवारी सकाळी आठला तो आमच्याकडे यायचा. गाडीत बिघाड असो नसो, यायचा. बॉनेट उघडायचं, प्लग काढून पुसायचे, इंजिनाचा आवाज ऐकत दोघांनी उभं राहायचं. त्याचं कन्नड, माझं आपलं घरचं मराठी-कन्नडाचं सांबार, त्यात वसुमतीची कॉफी. रविकिरणच्या बारशापासून मुंजीपर्यंत सगळी खलबतं त्या बॉनेटवर वाकून झाली. नवी गाडी आली त्या रविवारी तो आला, बॉनेट उघडलं, आतलं ते काळं प्लास्टिकचं झाकण पाहिलं आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. छान आहे, म्हणाला. पुढच्या रविवारी आला, पण लवकर गेला. मग येईनासा झाला. त्याच्याकडची बरीच गिऱ्हाइकं अशीच कंपनीच्या काचवाल्या सर्व्हिस सेंटरकडे गेली, आणि हल्ली तो बोअरवेलचे पंप दुरुस्त करतो, असं भाजीवाल्या कृष्णाबाईकडून कळलं. मी काय करायला हवं होतं, ते तुला सांगायला नकोच. टाकी आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. बोलवायचं तर कशाला बोलवायचं, हे मला सुचेना. कॉफी प्यायला म्हणून एखाद्याला बोलावता येतं, ही गोष्ट पासष्टाव्या वर्षीही माझ्या डोक्यात आली नाही.

आणि मग आयुधपूजा आली. तुला आपल्या घरची पद्धत ठाऊक आहे. अप्पांच्या सायकलपासून चालत आलेली. पूजेच्या आदल्या दिवशी जुनं तेल बाहेर, नवं आत. पारोशा यंत्राला कुंकू लावायचं नाही. पूजा यंदा सोमवारी होती, म्हणजे आदला दिवस रविवार. रविकिरण सुनेला घेऊन सासुरवाडीला गेला होता, गाडी घरी. मी सकाळीच टाकीजवळ गेलो आणि देवाप्पाला सांगितलं, चल, गिअरबॉक्सचं तेल बदलायचं आहे. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पण गाडीखाली शिरून बघून आला आणि म्हणाला, इथे पिवळा रंग मारून सील केलं आहे, हे नको उघडायला. मी म्हटलं, रविकिरणला विचारलं आहे. (विचारलं नव्हतं.) त्याने दुसऱ्यांदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

सील तोडलं. तेल बाहेर आलं ते मधासारखं स्वच्छ. देवाप्पा ते बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसला. याला काही झालेलं नाही, हेच परत ओतू या, म्हणाला. पण मी ऐकतो कुठला? पूजा म्हटल्यावर नवं तेल. त्याच्याकडे होतं ते आमच्या जुन्या गाडीला चालणारं दाट तेल भरलं. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, सगळं यथासांग झालं. मंगळवारी सकाळी तुमच्याकडे निघायचं म्हणून सासुरवाडीहून परतलेल्या रविकिरणने गाडी काढली, आणि पहिला गिअर टाकताच असा आवाज झाला की शेजारचे आप्पाजी दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. गाडी टो करून कंपनीत गेली. तिथल्यांनी तुटलेलं सील पाहिलं, वॉरंटी संपली असं लिहून दिलं.

रविकिरणने घरी येऊन मला एकच विचारलं, हे उघडलं कोणी? आणि अक्का, मी म्हणालो, देवाप्पाने.

हे खोटं नाही, असं मी स्वतःला दहा दिवस समजावतो आहे. पाना त्याच्या हातात होता. पण माझी जीभ तेवढ्यावर थांबली, पुढचं वाक्य बाहेर आलंच नाही. रविकिरण तसाच गॅरेजवर गेला. मीही मागोमाग गेलो, अडवायला म्हणून. अडवलं नाही, कोपऱ्यावरच्या नारळवाल्यापाशी उभा राहिलो. रविकिरण चारचौघांत त्याला म्हणाला, जे कळत नाही त्याला हात कशाला लावता? देवाप्पाने रस्त्यापलीकडे मला पाहिलं. मग रविकिरणला म्हणाला, चूक झाली. एवढंच. सत्तावीस वर्षांत त्याने माझ्या गाडीचा एक नट चुकीचा बसवला नाही, आणि तो पंप दुरुस्तीला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाला, चूक झाली. मी नारळपाणी प्यायलो. तहान नव्हती.

तेव्हापासून घरात मी गप्प आहे. वसुमतीला वाटतं, साखर वाढली. तू माझे कान लहानपणी पुष्कळ उपटलेस, आता पत्रातून उपट. मला शरम वाटते आहे, हे तुझ्याशिवाय कोणाला लिहू?

भावजींना पुन्हा नमस्कार. दिवाळीची तयारी जास्त करू नकोस, कमरेला जप.

तुझा,
त्रिविक्रम

ता. क. (शनिवार) : तिकिटं संपली होती म्हणून पत्र दोन दिवस टेबलावरच राहिलं, आणि वसुमतीने ते वाचलं. दुपारच्या जेवणाला तिने माझ्या पानात एक पेढा वाढला आणि म्हणाली, हा खा आणि पोराला सांगून या. सांगितलं. रविकिरणने ऐकून घेतलं. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. चपला घालून तो गॅरेजकडे गेला, गाडी नाहीच, चालतच. परत आल्यावर म्हणाला, मी माफी मागितली. "तुम्ही मला आधीच खरं का नाही सांगितलं?" असं देवाप्पाला विचारलं, तर तो म्हणाला, "मेकॅनिक तुला दुसरा मिळेल. बाप कुठून आणणार?"

ता. क. २ (रविवार) : आज देवाप्पा घरी आला. रविकिरणने बोलावलं होतं. आठला नाही, अकराला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. मी फाटकातच हात जोडले, चुकलो म्हणालो. तो म्हणाला, होतं असं, सोडून द्या. आणि आत येऊन खुर्चीवर बसला. सत्तावीस वर्षांत हा माणूस आमच्या खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. कॉफी बशीत न ओतता कपाने प्यायला, वसुमतीच्या गुडघ्यांची चौकशी केली, माझ्या साखरेची केली. वीस मिनिटांनी, येतो, म्हणाला. जाताना, काल संध्याकाळी कंपनीतून परत आलेल्या नव्या गाडीच्या बाजूने गेला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. राग नाही गं त्याच्या मनात, ते मला कळतं. पण पाहुण्यासारखा आला आणि पाहुण्यासारखा गेला. मी फाटकाशी बराच वेळ उभा होतो.

ता. क. ३ : आता ज्यासाठी हे सगळं पत्र लिहायला घेतलं ते लिहितो, कारण आतापर्यंत धीर झाला नाही. भावजींची ती एकोणसत्तर सालची गाडी मागच्या शेडमध्ये अजून उभी आहे ना? ती मला हवी आहे. लॉरीवर घालून पाठव, इथे उतरवून घ्यायला मी आणि रविकिरण आहोत. भावजी स्वभावाने नीटनेटके, पाठवायच्या आधी कोणाला तरी बोलावून ती चालू करायला निघतील. त्यांना माझी शपथ घाल. जशी बंद पडली आहे तशीच पाठवा.