बारा गोगलगायी

१ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

परीक्षा झाली, निकालही बरा लागला, पण पुढचं घोडं अडलंय. संशोधन करायचं तर आधी कुणातरी प्राध्यापकाने आपल्या प्रयोगशाळेत घ्यायला हवं. मी अडतीस जणांना पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. बाबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कुणी घेतलं नाही, तर मी चष्म्याच्या दुकानात त्यांच्या शेजारी बसायचं. लोकांकडून खालची ओळ वाचून घेण्यात मला जन्म घालवायचा नाही. आई म्हणाली, मामाला विचार, त्याला रिकामा वेळ भरपूर आहे. हे तिचे शब्द, माझे नव्हेत. माझ्या पत्राची नक्कल जोडली आहे.

लोभ आहेच, तो आता जरा कामाला लाव,
तुझी भाची

४ जून

चि. चोमडीस,
अ. उ. आ.

आदरणीय महोदय किंवा महोदया असं म्हणून अडतीस जणांना एकच मजकूर पाठवलास. याला पत्र म्हणत नाहीत, जाहिरातीचा कागद म्हणतात. चौतीस वर्षं मी गोदामात मालाची मोजणी केली. असले कागद आम्ही डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालायचो. एकच माणूस निवड, त्याने लिहिलेलं सगळं वाच आणि तुला खरंच न उमगलेली एक गोष्ट विचार.

तशी गोष्ट नसेल तर माझ्याकडची घे. निवृत्त झाल्यापासून माझं गोगलगायींशी वैर आहे. भिंतीलगतच्या कुंड्यांमधली पानं फस्त करतात. रोज संध्याकाळी मी त्यांना भिंतीपलीकडे हेडमास्तरांच्या बागेत फेकतो आणि सकाळी बायका परत हजर! शेवटी बारा जणींच्या पाठीवर तुझ्या मामीच्या नेलपॉलिशने आकडे घातले. वहीत एकोणीस दिवसांची नोंद आहे, ती सोबत जोडली आहे: बाराच्या बारा परत, त्याही आपापल्या कुंडीत. हेडमास्तर फेकत असतील म्हणावं, तर ते शपथेवर नाही म्हणतात.

लोभ ठेव, दुकानात बसलीस तरी ठेव,
मामा

९ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, कमाल झाली! गोगलगायींवरच काम करणाऱ्या एक बाई सापडल्या. त्यांचे नऊ लेख वाचले, तीन कळले. तुझ्या वहीची नक्कल पाठवली, तर तिसऱ्या दिवशी उत्तर! वीस तारखेला बोलावलंय. जागा एक आणि उमेदवार पाच. त्यांनी लिहिलंय की हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे, पण गोगलगायींना कुणी उचलून आणत नाही ना? मी उत्साहाच्या भरात कळवूनही टाकलं की शंभर टक्के स्वतःच येतात.

तेव्हा आता माझी लाज राख. रात्री कुंड्यांसमोर टाल्कम पावडर पसर. सकाळी नुसत्या गोगलगायींच्या रेघा दिसल्या की झालं. हेडमास्तरांचे बूट उमटले तर मी संपले.

लोभ आणि पावडर, दोन्ही सढळ हाताने असू दे,
तुझी भाची

१३ जून

चि. बाळीस,
अ. उ. आ.

हे पत्र वाचून लगेच फाडून टाक. गोगलगायी मी आणते.

निवृत्त झाल्यापासून हे दहा-दहा वाजेपर्यंत अंथरुणात पडून असायचे. जेवणावर मन नाही, कुणाशी बोलणं नाही. मला फार भीती वाटायला लागली होती. मग एके दिवशी गोगलगायींवर चिडले, संध्याकाळी सगळ्या फेकून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाला उठून बघायला गेले. एकही नव्हती. पुन्हा येऊन मुटकुळं करून पडले. तेव्हापासून रोज पहाटे मी चाळणी घेऊन हेडमास्तरांच्या मागच्या फाटकातून आत जाते. त्यांना ठाऊक आहे, आणि त्यांची शपथही खरी आहे. ह्यांनी आकडे घातल्यापासून तर फार सोय झाली, कोण राहिलं ते पटकन कळतं.

आज त्या पावडरीत पाय पडला. केरसुणी आणायला आत गेले, तर दूध उतू गेलेलं. ते पुसून बाहेर येते तो पावडर सपाट. वारा सुटला असावा. बाईंना खरं ते सांग, माझ्यापायी तुझं नुकसान नको. ह्यांना मात्र कळू देऊ नकोस.

मामीवर राग धरू नकोस, लोभ धर,
तुझी मामी

१३ जून

चि. चोमडीस,
अ. उ. आ.

बातमी वाईट आहे. पावडरीत हेडमास्तरांचे बूट नाहीत, तुझ्या मामीच्या चपला आहेत. डावी टाच झिजलेली, कधीची दुरुस्त करून आणायची माझ्याकडूनच राहिलीये. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते असं! खिडकीतून पाहिलं, तर एकेकीचा आकडा वाचून ज्या त्या कुंडीत ठेवत होती. ती आत गेली तेवढ्यात मी पावडर हाताने सारखी केली आणि गुपचूप पांघरुणात शिरलो.

ती हे कुणासाठी करते, ते न समजण्याइतका मी ठोंब्या नाही. पण तुला मी छातीठोकपणे खोटी नोंद दिली, याचं मनापासून वाईट वाटतं. बाईंना खरं सांग. जागा गेली तर तुझ्या बाबांशी मी बोलतो. मामीला मात्र मला कळलंय हे सांगू नकोस. कळलं तर ती थांबेल, आणि ते मला चालणार नाही.

लोभ आटू देऊ नकोस,
मामा

२१ जून

ती. मामा व मामीस,
सा. न. वि. वि.

काल बाईंच्या पुढ्यात बसले. म्हटलं, मी छातीठोक कळवलं ते चूक होतं, गोगलगायींना एक माणूस चाळणीत घालून आणतं. बाई इतक्या हसल्या की चहा माझ्या अर्जावर सांडला. मग त्यांनी विचारलं की बारांपैकी एखादी तरी आपली आपण आली असेल का. मी म्हटलं, माहीत नाही. बाई म्हणाल्या, मग ते शोधून काढ, सोमवारपासून ये. पहिले दोन महिने बरण्या धुवायच्या आहेत. बाबा दुकानात येईल त्याला ही बातमी सांगताहेत, चष्म्याचा नंबर नंतर.

निघताना बाईंनी एक नियम सांगितला. जे दिसलं ते ज्याचं त्याला दाखवायचं, दडवायचं नाही. मी पडले आज्ञाधारक. म्हणून मामा, मामीचं पत्र तुझ्यासाठी सोबत ठेवलंय, आणि मामी, मामाचं तुझ्यासाठी. फाडायचं राहूनच गेलं.

वाचून झाली की आधी ती टाच दुरुस्त करून आणा. मग संध्याकाळी खुशाल फेका आणि पहाटे दोघं मिळून वेचून आणा. फक्त सात नंबरला कुणी हात लावू नका. ती आपणहून घरी येते का, ते मला बघायचंय.

लोभ यापुढे उघडपणे करावा ही विनंती,
तुमची भाची