चौथं कडं

प्रिय म्युरिएल,

चॅपलमधल्या त्या चहानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस, त्याला या रविवारी सात आठवडे होतील. डावीकडच्या बाकावर पाठ करून बसतेस. तुझ्या निळ्या हॅटची मागची शिवण उसवली आहे, तेही सांगायची सोय राहिली नाही. म्हणून कागद घेतला. गेल्या सुगीच्या प्रार्थनेचं पत्रक आहे, मागची बाजू कोरी होती.

देवाच्या दयेनं आमचं बरं चाललं आहे. परसात घेवडा भरपूर आलाय, रूबार्बचा मुरंबा बरण्यांत भरून झाला.

तुमचं टेक्निकल कॉलेज आमच्या विद्यापीठात विलीन होणार हे कळलं तेव्हा मला आनंदच झाला होता. म्हटलं, तुझा नॉर्मन आणि माझा विल्फ आता एकाच घरचे. पण पदवीदानाला चांदीचा दंड घेऊन कुलगुरूंच्या पुढे चालायचा मान हेड पोर्टरचा, आणि दरवानांचे हेड पोर्टर झाले दोन, तुझा आणि माझा. मग त्या चहाला विल्फ म्हणाला, "हा दंड आहे, तुमच्या वर्कशॉपातला पाइप नव्हे." नॉर्मन म्हणाला, "पाइप जोडता येतो आम्हाला. तुम्हाला नुसतं दार उघडता येतं." पाद्रीबाबांच्या हातातला केक हातातच राहिला. आणि आपण दोघी आपापल्या नवऱ्यामागे उठून निघून आलो. वेड्याच आपण.

अगं, तो दंडच मुळी जोडाजोडीचा. आधी नुसती वैद्यकीय शाळा होती, सहा विद्यार्थी आणि एक सांगाडा. तिचं दंडावर चांदीचं पहिलं कडं. मग विणकरांनी उभी केलेली संध्याकाळची शाळा आली, तिचं दुसरं. डॉक्टर नाक धरून म्हणाले, यांच्या हातांना लोकरीचा वास येतो. मग मुलींचं अध्यापन विद्यालय आलं, तिसरं. तेव्हा त्याच विणकरांची नातवंडं त्या मुलींना म्हणाली, आता वर्गात बसून टाके घाला. नवी सून दहा वर्षं टोमणे खाते, आणि दुसरी आली की तीच तिला म्हणते, पाय पुसून आत ये. तुला आणि मला त्या विद्यालयात जायचं होतं, आठवतं? मॅट्रिकवरच थांबलो, तरी संसार काही वाईट झाले नाहीत.

आता तुमचं चौथं कडं बसलं. दर कड्यागणिक दंड जड होत आलाय. रजिस्ट्रारसाहेब म्हणतात, दोघांनी आपसात ठरवा. शुक्रवारपर्यंत नाही ठरलं, तर ज्याची नोकरी जुनी त्यानं दंड घ्यावा. म्हणजे विल्फनं.

विल्फ हल्ली कपबशी सोडून मगातून चहा घेतो. मगात जास्त मावतो म्हणे. चॅपलमध्ये दानाची थाळी फिरवायचं काम त्यानं मिस थॉर्पला देऊन टाकलं. "तिलाही कुणीतरी काही सोपवायला हवं," म्हणाला. परवा सकाळी पॅसेजमध्ये झाडू खांद्याला लावून चालायचा सराव करत होता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. झाडू तीनदा पडला.

कोट झटकताना खिशात इस्पितळाची चिठ्ठी सापडली. उजव्या हाताला कंप आहे, आणि तो वाढत जाणार. त्यानं मला सांगितलं नाही, मीही विचारलेलं नाही. देवापुढे बसले आणि तू आठवलीस. म्युरिएल, नॉर्मनला उद्याच रजिस्ट्रारकडे पाठव. म्हणावं, नव्या कॉलेजाचा मान पहिल्या वर्षी मिळालाच पाहिजे, नाहीतर आमच्यातलं कुणी सभागृहात पाऊल टाकणार नाही. अडून बस म्हणावं, चांगलं भांडून घे. मवाळपणे मागितलं तर विल्फ देणार नाही, आणि कीव करून घेतलं तर त्याला ते कळेल. नॉर्मनला खरं कारण सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझा नवरा तू ओळखतेस. हे पत्र मात्र शेगडीत टाक. विल्फ घरी येऊन महिनाभर तुम्हा दोघांच्या नावानं बोटं मोडेल, मी हो ला हो म्हणेन आणि त्याच्यासाठी मटणाचा स्ट्यू करेन. रागावलेल्या माणसाला जेवू घालता येतं गं. शरमलेला टेबलाशी येतच नाही.

तुझीच,
एनिड