बेली डान्सवरील आमचा बहिष्कार

१७ फेब्रुवारी २०१६, बुधवार

महिला मंडळाच्या ग्रुपवर अनसूयानं पोस्टर टाकलं. २८ तारखेला, बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात दिवसभर बेली डान्सचं वर्कशॉप. 'सर्व वयोगटांसाठी.' अनसूया म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण, बँकेतून रिटायर झालेली बाई. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. खाली चतुराबाईंचे ओळीनं अंगठे. यांनी करमाडची जमीन विकून आमच्या खालचा फ्लॅट घेतला, तो यासाठी? महापालिकेची हद्द आमच्या कॉलनीपर्यंत आली, पाइप आला नाही. टँकरवर जगतोय. आणि यांना पोट हलवायचंय.

खरा डाव पुढच्या मेसेजमध्ये. अनसूया लिहिते, शिकून घेऊ आणि ८ मार्चला मंडळाच्या कार्यक्रमात बसवू.

८ मार्चच्या कार्यक्रमात एकच तास असतो आणि तो माझा आहे. कॉलनी वसल्यापासून त्या तासाला मी 'पाणी आणि स्त्री' यावर बोलते. गेल्या वर्षी तर भाषण ऐन रंगात असताना सगळ्या बायका एकदम उठल्या आणि हंडे घेऊन बाहेर धावल्या. शब्दाचं कृतीत रूपांतर होताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. (टँकरही नेमका तेव्हाच आला होता.)

२० फेब्रुवारी, शनिवार

निर्णय झाला. बाहेरून निषेध कुणीही करतं. आपण आत जायचं, भर वर्गात उठून बोलायचं आणि अनसूया-चतुराबाई दोघींना घेऊन सभात्याग करायचा. वर्कशॉपच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाची बैठक आहे. तिथं मग विषयच उरणार नाही.

दोघींना चहाला बोलावून योजना सांगितली. अनसूया म्हणाली, "ये की प्रमिला, डबा मी आणते." चतुराबाईंनी विचारलं, "मॅडम, त्याग जेवनाआधी का जेवल्यावर?" गंभीर कार्यकर्तीचा प्रश्न. जेवल्यावर असं ठरलं.

२७ फेब्रुवारी, शनिवार, रात्री

भाषण तयार. 'गावोगाव घशाला कोरड आणि इथं कमरेला घुंगरू!' हे वाक्य आरशासमोर बेंबीच्या देठापासून म्हणून पाहिलं. माझा आवाज तिथूनच येतो, घशातून बोलणारे वक्ते वेगळे. शेजारच्या कडुबा भाऊंनी भिंतीवर तीनदा थाप मारली. दाद असावी.

२८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११

बाथरूममधून लिहिते आहे. शिकवणारी सावनी नावाची पोर, पुण्याहून शिकून आलेली. सगळ्यांना कमरेला बांधायला नाण्यांचे पट्टे दिले. मी साडीवर बांधला. शत्रूच्या छावणीत शत्रूचाच गणवेश घालावा लागतो.

हॉलभर छनछनाट. माझा पट्टा मुका. सावनी म्हणाली, "काकू, पोट घट्ट धरलंय तुम्ही. सोडा ना." मी सांगितलं, आम्ही पोट असं कुणाच्या सांगण्यावरून सोडत नाही. पट्टा खराब आहे. चतुराबाईंशी बदलून घेतला. त्यांच्या कमरेला माझा जुना पट्टा लगेच वाजायला लागला. बांधताना त्यांनी दुरुस्त केला असणार. त्यांच्याकडून आलेला मात्र माझ्याकडं येऊन बिघडला.

दुपारी २

अनसूयाच्या डब्यात मेथीचे धपाटे. चार खाल्ले. त्यागाआधी अंगात ताकद हवी.

दुपारी ३

ऐतिहासिक क्षण. नोंद सविस्तर हवी.

मी वर्गाच्या मध्यभागी जाऊन म्हणाले, "भगिनींनो!" संगीत थांबलं. मग जी सुरू झाले! दुष्काळ, बिल्डर, बोअरवेल, काहीही सोडलं नाही. घुंगरूच्या वाक्याला तर मी नखशिखांत थरथरत होते. सभागृह अवाक. त्या शांततेत फक्त एकच आवाज, छन छन छन. खाली पाहिलं. माझा पट्टा.

सावनी ओरडली, "काकू, थांबू नका! सगळ्यांनी काकूंच्या पोटाकडं बघा! हीच शिमी, पोटाची थरथर! सकाळपासून मी हेच सांगतेय!"

पंचवीस-तीस बायकांनी माझ्या पोटाकडं बघून टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या मला 'पाणी आणि स्त्री'लाही मिळालेल्या नाहीत. त्या कशासाठी होत्या हा तपशील गौण आहे.

मी "चला!" म्हणून दाराबाहेर पडले. मागं वळून पाहिलं तर कुणी नाही. आतून चतुराबाईंचा आवाज, "मॅडम, पुन्हा एकदा करून दाखवा की, माझं ध्यान नव्हतं!"

दुपारी ४

बाहेर पार्किंगमध्ये ऊन फार होतं. शिवाय अर्धवट निरीक्षणावर टीका करणं अशास्त्रीय. आत परतले. आता सापासारखे हात फिरवणं चाललंय. मी शरण आले असं शत्रूला वाटावं म्हणून सगळ्यांत जोरात फिरवते आहे. सावनी म्हणते, "हळू, काकू, खांदा जाईल." तिला काय माहीत, या हातांनी मोर्चे वळवलेत.

संध्याकाळी ७

रिक्षातून येताना दोघींशी सडेतोड बोलले. विश्वासघात हा शब्द वापरला. अनसूया खिडकी नसलेल्या रिक्षात खिडकीबाहेर बघत बसली. चतुराबाई मात्र म्हणाल्या, "मॅडम, राग धरू नका. तुमी लई खरं बोलता. आमचे सासरेबी लई खरं बोलायचे, पन थांबतच नसायचे. औंदा भाषन नको. इतकी वर्षं पान्यावर ऐकलं, पानी काय आलं नाय."

यावर माझ्याकडं बिनतोड उत्तर होतं. पण घर आलं.

२९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

खांदा दुखतोय. संघर्षाची खूण. आज बैठकीत वचपा काढणार. निदान सहा मतं माझी, सातवं माझं स्वतःचं. चतुराबाई तेल लावायला आल्या. "बैठकीला येऊ नका, पडून ऱ्हा," म्हणाल्या. घाबरल्या.

रात्री ९

बैठक झाली. सूचक अनसूया, विषय ८ मार्चचा तास. आधी नृत्याच्या बाजूनं हात. पुष्कळ. मोजले नाहीत. मग अध्यक्षांनी विचारलं, प्रमिलाताईंच्या भाषणाच्या बाजूनं कोण?

मी सगळ्यांकडं पाहिलं. सगळ्या माझ्याकडं. हीच ती वेळ, असं ठरवून मी हात वर करायला गेले. तो कोपरापर्यंतच आला. दुसरा करून पाहिला. तो तेवढाही आला नाही.

अनसूयानं विचारलं, "प्रमिला, तुझाही नाही?" काळजीनं विचारलं, हे जास्त लागलं.

अध्यक्षांनी ठराव वाचला, एकमतानं मंजूर. मी आक्षेप घ्यायला उठणार होते. कमरेनं उठू दिलं नाही. शेवटी अनसूया आणि चतुराबाईंनी दोन्हीकडून धरून घरी आणलं.