कुंपणालगतची ओळ

माय,

आज सकाळी सून दोडक्याच्या मांडवात गेली. तिचे ते चार दिवस सुरू आहेत. मीच तिच्या हातात टोपली दिली, आत पाठवलं आणि मागून मीही गेले. दोघींनी मिळून अर्धा मांडव तोडला. हे तुला कळावं असं मला वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. तेवढ्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण कागद हाती घ्यावा असं आजच वाटलं.

वाडी आहे तिथंच आहे. अचलपूरची एसटी वळते त्या ठिकाणाहून आपला कडुनिंब अजून दिसतो. विहिरीवर मोटर बसली, मांडवाला बांबूऐवजी लोखंडी खांब आले, आणि भाजी आणि कोंबड्या यांच्यामध्ये तू दरसाल कापसाच्या पऱ्हाट्यांचं कुंपण घालायचीस तिथं आता जाळी आहे. त्या कुंपणाच्या अलीकडे, कोंबड्यांच्या बाजूला, मी माझ्या आयुष्यातले किती दिवस बसून काढले, याचा हिशेब मी कधी केला नाही. महिन्याचे चार, वीस वर्षांच्या वर. तूच काय तो लावून घे.

मी तेरा वर्षांची होते. तू जुन्या लुगड्याची घडी माझ्या हातात दिलीस, कशी घ्यायची ते दोन शब्दांत सांगितलंस आणि मला वाडीच्या कडेला घेऊन आलीस. तोवर मी धणे रगडून सांभार पेरायचे, वांग्याला पाणी द्यायचे, ढेमसांची किडकी पानं खुडायचे. वाडी जितकी तुझी तितकीच माझी आहे असं मला वाटायचं. तू म्हणालीस, "आता चार दिवस कुंपनाच्या अल्याड. अंदर पाय टाकू नको. वेल जयते."

"कावून जयते?"

"जयते मनून जयते." जळतो म्हणून जळतो, एवढंच तुझं उत्तर.

"अन कोंबड्यायले?"

"कोंबड्यायले काई होत नाई."

मग तू खुराड्यातून एक काळी खुडूक कोंबडी आणलीस, डाल्याखाली अकरा अंड्यांवर बसवलीस आणि म्हणालीस, "ही तुयी. इच्याकडे पाह्य." एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली तो एकच म्हणतो, बघ, आईनं किती मायेनं तुला गुंतवून ठेवलं. मी मान हलवत नाही. ती कोंबडी मी आत येऊ नये म्हणून तू मला दिली होतीस. त्या कोंबडीवरून पुढं माझा संसार उभा राहिला हे खरं आहे, तरी तिच्यासाठी मी तुझे आभार मानणार नाही.

पुढच्या वर्षीचा चैत्र तुला आठवत असेल. दोडका असा कधी आला नव्हता. संध्याकाळी पिवळी फुलं उघडायची तेव्हा अख्खा मांडव उजळल्यासारखा दिसायचा, आणि तू कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायचीस. तुला वाटायचं, याला अजून जोर द्यावा. माझ्या चार दिवसांत मी खुराडं खरवडून कोंबड्यांची घाण टोपलीत भरायचे, कुंपणापाशी आणून ठेवायचे, आणि तू पलीकडून हात घालून ती टोपली उचलायचीस. आधी ती घाण उकिरड्यावर जायची. त्या वर्षी तू ती थेट वेलांच्या बुडाशी ओतायला लागलीस, आणि जड टोपली लांब कोण नेणार, म्हणून कुंपणालगतच्या ओळीलाच ओतलीस.

आठवड्याभरात ती ओळ गेली. आधी पानांच्या कडा करपल्या, मग पानं लोंबली, मग हाताएवढे दोडके वेलावरच सुरकुतले. फक्त कुंपणालगतची ओळ. आत सगळं हिरवंगार होतं. तू ती ओळ पाहिलीस, मग कुंपणाच्या या बाजूला बसलेल्या मला पाहिलंस, आणि तुला जे कळायचं ते कळलं.

शेजारच्या वाडीतल्या दोघी बाया सांभाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांच्या देखत तू मला विचारलंस, "अंदर गेलती का?"

"नाई गेली."

"खरं सांग."

"नाई गेली मी, माय."

"मंग वेल कायनं जयला?"

"मले काय मालूम?"

तू मारलंस. माराचं मला काही नाही, मार सगळ्यांनीच खाल्लेला असतो. त्यानंतर तू मला दंडाला धरून कुंपणाशी नेलंस आणि म्हणालीस, "पाया पड त्याच्या. मन, चुकलं माहं." मी पऱ्हाट्यांमधून हात घातला, सुकलेल्या वेलाच्या बुडाला शिवले आणि म्हणाले, चुकलं माहं. दोघींपैकी एक बाई हळू आवाजात म्हणाली, लेकरू आहे, जाऊ दे. तू तिच्याकडे पाहिलंही नाहीस.

मी आत गेले नव्हते. आज बावन्न वर्षांची होऊनही मला हे वाक्य लिहावंसं वाटतं. मी आत गेले नव्हते.

मग मी कोंबड्यांची झाले. दुसरं करणार काय? कोणती तलंग अंड्यावर येणार हे तिच्या चालण्यावरून ओळखायला शिकले. मुंगसाचा माग, पिल्लांची सर्दी, मानमोडीची लस कुठं मिळते, सगळं शिकले. बाबा गेले, मी एकुलती, म्हणून माझं लग्न करताना तू घरजावई शोधलास. हे अकोल्याच्या जुन्या शहरातले, घरात मातीचा गंध नाही, पण कष्टाला मागं सरले नाहीत. परतवाड्याच्या बाजारात भाजी आणि अंडी हेच घेऊन जायचे. मला मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला, आणि तरी दर महिन्याला चार दिवस मी कुंपणाच्या अलीकडेच. यांनी एकदा तुझ्याकडे विषय काढला होता. तू म्हणालीस, "जावाई, तुमी अकोल्याचे. तुमाले वेलाचं काय मालूम?" ते गप्प बसले. मीही गप्पच होते. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, आणि तो राग तुझ्यावर नाही.

मग तू विहिरीच्या ओट्यावरून घसरलीस आणि खुब्याचं हाड मोडलं. तुझी खाट आम्ही कडुनिंबाखाली टाकली, म्हणजे तुला वाडी दिसत राहील. वैशाख होता. मांडव दोडक्यांनी लगडला होता, दोन दिवस तोडा झाला नव्हता, आणि एक दिवस आणखी गेला असता तर सगळा माल निबर झाला असता. हे मुलाला घेऊन अकोल्याला गेले होते, त्यांच्या घरी कुणाचं तरी आजारपण होतं. तोडायला मीच. आणि माझा दुसरा दिवस.

मी टोपली घेतली. तू खाटेवरून विचारलंस, "कुठं चालली?"

"दोडके तोडाले."

"तुये दिवस हायेत ना?"

"हायेत."

"मंग बाहेर निंघ."

मी थांबले. मला वाटलं मी परत फिरेन. इतक्या वर्षांची सवय पायात असते. पण मी वळून तुला म्हणाले, "माय, तू उठून ये अन तोड. नाई येत न उठता? मंग मीच तोडतो." पडलेल्या आईला असं बोलू नये हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते परत घेत नाही. दुपारपर्यंत मी मांडवात होते. प्रत्येक दोडका मी देठाला धरून, वेलाला हिसका न देता तोडला, जसं तू शिकवलं होतंस. तू उशीला टेकून पाहत होतीस. मी टोपली तुझ्यासमोर आणून ठेवली तेव्हा एवढंच म्हणालीस, "जयला वेल तं मले सांगू नको."

वेल जळला नाही. जेठापर्यंत देत राहिला. आणि तू श्रावणात गेलीस, तोवर मांडवाच्या भाजीचा एक घास घेतला नाहीस. ताट पुढं केलं की विचारायचीस, "कोनत्या वाफ्याची?" बेसन खायचीस, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खायचीस, आणि रोज एक उकडलेलं अंडं मागून घ्यायचीस. अंड्याला विटाळ नव्हता. ज्या हातानं मी दोडका तोडला त्याच हातानं अंडं सोलून तुझ्या तोंडाशी धरायचे, आणि तू खायचीस. एकदा मला हसू आलं. तू विचारलंस, "कावून हासून राह्यली?" मी म्हटलं, काही नाही. सांगायला हवं होतं.

आता खरं काय ते सांगते. तू गेल्यावर दोन वर्षांनी मी कोंबड्या वाढवल्या. शंभराच्या वर गावरान पक्षी झाले, खत ढिगानं निघायला लागलं. यांनी हौसेनं ताजंच खत वांग्याच्या एका सरीला टाकलं. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या, पानं लोंबली. मी बांधावर उभी राहून बघत होते. हे मी आधी पाहिलं होतं. कृषी खात्यातला एक पोरगेला माणूस गावात यायचा, त्याला दाखवलं. त्यानं माती उकरून वास घेतला आणि म्हणाला, "ताई, कोंबडखत ताजं टाकलं न? लय गरम राह्यते ते. मुयं जयतात. वर्सभर मुरू देत जा."

मुळं जळण्याचा मला धक्का बसला नाही. धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. घरामागचा खड्डा मला आठवला. त्या चैत्रानंतर, पाऊस लागायच्या आधी, तो तू स्वतः कुदळीनं खणला होतास. तेव्हापासून कोंबड्यांची घाण त्या खड्ड्यात जायची आणि पुढच्या वर्षीच बाहेर निघायची. मी एकदा विचारलं होतं, ताजं का नाही टाकत? तू म्हणालीस, "नाई टाकत मनलं ना." आणि कुदळ उचलून निघून गेलीस.

म्हणजे तुला कळलं होतं. दोन महिन्यांच्या आत कळलं होतं. ती ओळ कशानं जळली हे समजून तू तुझी पद्धत बदललीस, खड्डा खणलास, एकही वेल पुन्हा तसा जाऊ दिला नाहीस. माझ्याशी मात्र काहीच बदललं नाहीस. त्या दोन बायांना जाऊन सांगितलं नाहीस की पोरीची चूक नव्हती. मला जवळ बोलावून सांगितलं नाहीस. वीस वर्षं कुंपण तसंच ठेवलंस.

लोक म्हणतील, तिला तिच्या सासूनं असंच वागवलं असेल, तिच्याही बुडाशी कुणी घाण ओतली असेल. असेल. तू तुझ्या सासूविषयी सांगायचीस ते मी ऐकलेलं आहे. पण तुझी सासू हे तुझं कारण झालं. माझ्यासाठी ते पुरत नाही. एक वाक्य लागलं असतं, माय, आणि ते तुझ्या तोंडात तयार होतं.

सून शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेतली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती जाळीपाशी टोपली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मी आज अंदर येत नाही."

"कावून?"

"चार दिवस हायेत."

"मंग काय करशीन चार दिवस?"

"कोंबड्यायकडे पाहीन."

मी म्हटलं, "कोंबड्या आपल्या आपल्या पाहून घेतात. तू वांगे तोड." तिला कोंबड्यांची भीती वाटते, चोच उगारली की किंचाळते, तेव्हा तिला तशीही सुटका हवीच होती. पण मांडवात यायला ती आजवर कचरत होती. तिच्या माहेरी म्हणे वेलाचं फार पाळतात. काल शेजारची म्हातारी, त्या दोघींपैकी जी अजून आहे ती, जाळीपाशी येऊन सुनेला म्हणाली, "बापा, तुयी सासू शिवाशिव काईच पायत नाई का?" मी आतून ऐकलं आणि बाहेर आले. मी म्हटलं, "काकू, तवा तो वेल कोंबडखतानं जयला होता. मी अंदर गेली नव्हती." म्हातारीला काय आठवलं, कळलं नाही. म्हणाली, "तू रडत होती खरी." आणि काठी टेकत गेली. सुनेनं सगळं ऐकलं. आज सकाळी मी टोपली पुढं केली तेव्हा तिनं ती घेतली आणि मांडवात शिरली.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. तू असतीस तर मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि शेवटचं एवढं मी गाळलं असतं.

त्या वैशाखात दोडके तोडल्यावर पुढचे आठ दिवस मी उजाडायच्या आत, तू जागी व्हायच्या आधी, मांडवात जाऊन प्रत्येक वेलाचं पान हातात धरून पाहत होते. एक जरी सुकलं असतं, तर मी तुझंच खरं मानलं असतं.